चेहऱ्याचे वय

(सोलापूर येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकलेचे शिक्षक होते. या गावातल्या कितीतरी मुलांनी त्यांच्या हाताखाली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटचे कागद रंगवले. या ग्रेड परीक्षांत स्थिरचित्र असते, स्मरणचित्र असते, संकल्पचित्र असते, भूमिती आणि अक्षरलेखन असते. समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढा, असे सांगणारा पेपर मात्र नसतो. स्मरणचित्रात फुगेवाला येतो, भाजीवाली येते, पण त्यांच्या तोंडावर नाकडोळे नसले तरी मार्क जात नाहीत. गुरुजींना हे खटकत असे. परीक्षा संपली की ते मुलांना आधी शेजारच्या बाकावरचा मुलगा काढायला लावत, मग शाळेचे शिपाईमामा, आणि मग सांगत, आता घरी जाऊन आजीला काढा. या गावात कुणाची आजी, कुणाची अज्जी, कुणाची नानम्मा, कुणाची दादी. सोमवारी वर्गात ही सगळी म्हातारी मंडळी कागदावर जमत आणि सगळ्यांच्या आज्या सारख्याच दिसत. गोल तोंड, वर अंबाडा, कपाळावर तीन आडव्या रेघा आणि तोंडाच्या दोन बाजूंना दोन कंस.

त्या तीन रेघा आणि दोन कंसांबद्दल मला आज बोलायचे आहे. वय ही चेहऱ्यावर शेवटी काढायची गोष्ट आहे असे आपण समजतो. आधी एक सर्वसाधारण माणूस काढायचा, मग रेघा वाढवल्या की म्हातारा, पुसल्या की तरुण, लहान केला की मूल. माझे म्हणणे असे की चित्रात वय पहिल्या रेघेपासून यावे लागते. ते कवटीत आहे, जबड्यात आहे, दातांत आहे, कानात आहे. सुरकुती सगळ्यांत शेवटी येते आणि कधी कधी येतही नाही. हे झाले कारागिरीचे. दुसरे म्हणणे याहून मोठे आहे: ज्यांना आपण थोर मानतो त्यांचे वय आपण त्यांच्या चित्रांतून काढून घेतो, आणि त्यात त्यांचे आयुष्यही थोडे काढून घेतो. त्याकडे मी येईनच.

आधी मूल. नवजात बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसाच्या उंचीत त्याची साधारण साडेसात डोकी बसतात. हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. चूक होते ती डोक्याच्या आत. मोठ्या माणसाच्या डोक्याच्या बरोबर मध्यावर डोळ्यांची रेषा येते. नवशिका ती नेहमी वर काढतो, कारण कपाळ आणि केस त्याला बिनमहत्त्वाचे वाटतात. लहान मुलात हीच रेषा मध्याच्या खाली असते. जन्मताना मेंदूची पेटी चेहऱ्याच्या मानाने प्रचंड असते, आठाला एक असे प्रमाण शरीरशास्त्राची पुस्तके देतात. मोठेपणी ते दोनाला एक होते. म्हणजे मूल काढताना आपण मुख्यतः कपाळ आणि टाळू काढत असतो आणि डोळे, नाक, तोंड ही सगळी मंडळी खालच्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसलेली असतात. ती प्रशस्त पसरली की मूल प्रौढ दिसू लागते. युरोपातल्या जुन्या चित्रांत मेरीच्या मांडीवरचा बाळ येशू पुष्कळदा लहान आकाराचा गृहस्थ दिसतो, त्याचे एक कारण हेच आहे.

आता डोळा बघा. दोन वर्षांच्या सुमाराला मुलाचे बुबुळ जवळजवळ मोठ्या माणसाएवढे झालेले असते, पण पापण्यांची फट तेवढी वाढलेली नसते. म्हणून मुलाच्या डोळ्यात काळे जास्त आणि पांढरे कमी. मुलांचे डोळे मोठे वाटतात म्हणून सगळा डोळाच मोठा काढणारे असतात. डोळा मापाचाच काढावा, बुबुळ मोठे काढावे. नाकाचा दांडा अजून उठलेला नसतो, त्यामुळे दोन डोळ्यांमधली जागा सपाट आणि रुंद दिसते. तिथे सावली घातली की चार वर्षे वाढली. हनुवटी जवळपास नसतेच.

सहा ते आठ हे वय मला सगळ्यांत आवडते आणि ते सगळ्यांत कमी काढले जाते. दुधाचे दात पडून पुढचे दोन पक्के दात आलेले असतात. ते दात आयुष्यभराच्या मापाचे असतात आणि तोंड अजून लहान असते. या मुलाने तोंड मिटले तरी वरचा ओठ किंचित पुढे आलेला असतो, कारण आत ते दोन मोठे पाहुणे बसलेले आहेत. हसरा फोटो समोर ठेवून चित्र काढणारे पालकांच्या आग्रहास्तव दातांतले खिंडार बुजवतात. त्या खिंडारातच त्या मुलाचे ते वर्ष होते. पुढच्या वर्षी ते राहणार नव्हते.

मूल बसत नाही, ही खरी अडचण. त्यावर एकच उपाय मला माहीत आहे: त्याला बसवू नये. कुणाच्या तरी कडेवर, कुणाच्या तरी मांडीवर काढावे. राजा रविवर्म्यांचे १८९३ चे ‘देअर कम्स पापा’ हे चित्र आपण कॅलेंडरांवर पाहिलेले असते. त्यांची मुलगी मूल कडेवर घेऊन उभी आहे आणि समोरून येणाऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवते आहे. मुलाला बघायला काहीतरी दिले की चित्रकाराला थोडा वेळ मिळतो.

किशोरवयावर मी फार थांबणार नाही. चेहरा तिथे एकसारखा वाढत नाही. नाक आधी, जबडा नंतर, मुलींचे सगळे मुलांच्या दोनेक वर्षे आधी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे चित्र बेढब वाटले तर पुष्कळदा ते बरोबर असते. ते सुधारू नका.

तारुण्य काढायला सोपे, असा समज आहे. मला ते सगळ्यांत अवघड वाटते. धरायला काही नसते. त्वचा ताणलेली, गाल भरलेले, हाड झाकलेले. उजेड एका गालावरून दुसऱ्या गालापर्यंत कुठेही न अडखळता जातो, आणि त्या दोन टोकांमधल्या सौम्य छटा चित्रकाराला सांभाळाव्या लागतात. एक छटा गडद झाली की मुलगी थकलेली दिसते. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे जलरंगातले चित्र याचा मोठा धडा आहे. हळदणकर मूळचे सावंतवाडीचे, १८८२ चा जन्म, मुंबईत जे. जे. मध्ये शिकले आणि १९०८ पासून स्वतःची कलासंस्था चालवली. हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. ते रविवर्म्यांचे आहे असे समजून लोक बघत आले. एक हात ज्योतीआड धरलेला, बोटांच्या कडांतून तांबूस उजेड पाझरतो आहे आणि चेहरा खालून उजळलेला आहे. खालून आलेला उजेड चेहऱ्याला फार क्रूर असतो. नाटकात खलपुरुषावर तसाच उजेड टाकतात. तो उजेड तरुण चेहऱ्यावर टाकून चेहरा तरुणच ठेवायचा, तोही जलरंगात, जिथे एकदा पडलेला डाग उचलता येत नाही, ही हिंमत हळदणकरांची. मॉडेल होत्या त्यांच्या कन्या गीता. त्या पुढे गीता उपळेकर म्हणून कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. त्यांच्या निधनाच्या बातम्यांबरोबर वर्तमानपत्रांनी छापली ती दिवा धरलेली तरुणी. ते स्वाभाविक होते. पण मला राहून राहून वाटते, त्या दिव्याला आडोसा केलेला हात शंभराव्या वर्षी कसा दिसत होता, हे कुणी कागदावर काढून ठेवायला हवे होते.

आता म्हातारपण. इथे मी वेळ घेणार आहे, कारण आपले लोक इथेच घाई करतात.

दात गेले की दात धरून ठेवणारे हाड झिजते. जबड्याची उंची कमी होते, चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग आखूड होतो, हनुवटी वर येते आणि पुढे येते, नाकाचे टोक खाली उतरते. दोघे एकमेकांकडे सरकतात. म्हणजे तरुणपणीच्या मापाने आखलेल्या चौकटीत म्हातारा चेहरा बसतच नाही. डोळ्याची खोबण वयाबरोबर रुंद होते, म्हणून डोळा आत गेलेला दिसतो. कानशिलाजवळचे मांस ओसरते आणि तिथे खळगा पडतो. माझ्या मते वय सांगणारी सगळ्यांत प्रामाणिक जागा ती आहे, कारण तिथे कुणी बघत नाही आणि कुणी काही लपवत नाही. वरचा ओठ लांब आणि पातळ होतो. बुबुळाच्या कडेला राखाडी-पांढुरके कडे येते. ते काढले की म्हाताऱ्या डोळ्यातला ओलावा आपोआप येतो, वेगळा चमकणारा ठिपका द्यावा लागत नाही. आणि कान. १९९५ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी शेकडो माणसांचे कान मोजले आणि असे आढळले की कान दर वर्षी सरासरी ०.२२ मिलिमीटर लांब होतो. पन्नास वर्षांत एक सेंटिमीटरहून थोडे जास्त. चेहरा खालून आखूड होतो आहे आणि कान लांब होतो आहे, हे एवढे जरी बरोबर मांडले तरी एकही सुरकुती न काढता माणूस सत्तरीत पोचतो.

मग सुरकुती काढायचीच नाही का? काढायची, पण ती रेघ म्हणून काढायची नाही. सुरकुती ही घडी आहे. दांडीवर टाकलेल्या सोलापुरी चादरीची घडी जशी आतल्या दांडीवरून ठरते, तशी ही घडी आतल्या स्नायूवरून ठरते, आणि ती स्नायूच्या ओढीला आडवी पडते. कपाळाचा स्नायू उभा ओढतो, म्हणून कपाळावर आडव्या आठ्या. घडीला एक उजळ बाजू असते, एक काळी बाजू असते आणि त्यांच्यामध्ये तळ असतो. आपल्याकडच्या उन्हात आयुष्य काढलेला शेतकरी बघा, मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानातला म्हणा. डोळे बारीक करून बघण्याची सवय असल्याने डोळ्यांच्या कोपऱ्यांत घड्या पडलेल्या असतात. उन्हात तो डोळे मिचकावतो तेव्हा त्या मिटलेल्या असतात. सावलीत येऊन चेहरा सैल झाला की त्या उघडतात, आणि आत ऊन कधी पोचलेलेच नसते. त्यामुळे भोवतालची कातडी रापलेली आणि घडीचा तळ फिका दिसतो. म्हणजे जिथे नवशिका काळी रेघ ओढतो तिथे प्रत्यक्षात उजळ रेघ आहे. हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही, त्या माणसासमोर बसावे लागते.

आपल्या जिल्ह्याला तर म्हाताऱ्या चेहऱ्याची फार मोठी देणगी आहे. राम, कृष्ण, विठ्ठल यांची रूपे आपण कायम तरुण पाहतो. पण अक्कलकोटच्या स्वामी समर्थांची प्रतिमा आठवा. १८७८ मध्ये स्वामींनी समाधी घेतली. महाराष्ट्रातल्या लाखो घरांत जी प्रतिमा पूजली जाते ती एका वयोवृद्ध देहाची आहे: सुटलेले पोट, सैल पडलेली छातीची कातडी, मोठे कान, खोल गेलेली नजर. ज्याला सकाळ-संध्याकाळ उदबत्ती ओवाळली जाते असा वृद्धदेह आपल्या घरात आहे, आणि तरीही आपल्या आजोबांचा फोटो मोठा करायला देताना आपण म्हणतो, ‘सुरकुत्या जरा कमी करा.’

आता आपल्या गावाच्या खास कारागिरीकडे येतो. सोलापूरच्या जेकार्ड मागावर वॉल हँगिंग विणली जातात हे बाहेरच्यांना सांगावे लागते, तुम्हाला नाही. त्यात मोर, हत्ती, देवदेवता येतात तशी माणसेही येतात, गांधीजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चेहरे धाग्यांत उतरलेले आपण पाहिले आहेत. ते काम कसे होते हे चित्रकलेच्या विद्यार्थ्याने एकदा जवळून बघावे. आधी चेहरा ग्राफ कागदावर चौकोनांत मांडतात. एक चौकोन म्हणजे एका जागी उभा धागा आडव्या धाग्याच्या वर की खाली, एवढाच निर्णय. त्या निर्णयांची भोके कार्डांवर पडतात, कार्डांची माळ मागावर चढते आणि माग ती वाचत जातो. इथे सौम्य छटा नावाची गोष्ट नाही. गालावरून उतरणारा उजेड पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा लागतो, आणि पायरी चुकली की गालावर जखम दिसते. मी जे वर सांगितले ते इथे उघडे पडते. तरुण, गुळगुळीत चेहरा मागावर फार कठीण जातो, कारण त्याला बारीक पायऱ्या पुष्कळ लागतात. वृद्ध चेहरा धाग्याला मानवतो. गांधीजींचे कान, चष्मा, मिशी आणि बसका जबडा एवढे बरोबर आले की उरलेले डोळा भरून काढतो. विणकराने सुरकुत्या विणलेल्या नसतात, तरी गांधीजी म्हातारेच दिसतात. हाडाची मांडणी बरोबर आहे ना, एवढेच माग विचारतो.

फोटोवरून चित्र काढण्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत, कारण बहुतेक चित्रकारांचे पोट त्यावर आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. घरातले माणूस जाते, तेव्हा हाती असतो तो आधार कार्डावरचा किंवा लग्नातल्या गर्दीतून कापलेला फोटो. त्यावरून मोठे चित्र हवे असते, तेराव्याच्या आत. पूर्वी तर मृत्यूनंतर काढलेल्या फोटोवर मिटलेले डोळे रंगाने उघडून देणारे कलाकार होते. दुःखात असलेल्या माणसाची ती मागणी मी समजू शकतो. पण दोन मागण्या मला नेहमी टोचतात: रंग उजळ करा आणि वय कमी करा. विशेषतः बाईचे चित्र असले की दुसरी मागणी हमखास येते. ऐंशीव्या वर्षी गेलेल्या, आयुष्यभर घरी बसून बिड्या वळून मुले शिकवलेल्या बाईंचे चित्र पन्नाशीतल्या सुखवस्तू गृहिणीसारखे करून भिंतीवर लावले, तर नातवंडे कोणाला नमस्कार करतात? आता मोबाइलमध्ये बोट फिरवले की सुरकुत्या जातात. ते यंत्र रेघा पुसते. बसलेला जबडा आणि लांबलेला कान तसेच ठेवते. म्हणून त्या चेहऱ्यांत काहीतरी चुकल्यासारखे वाटते. चित्रकाराने अशा वेळी घरच्यांशी बोलावे. फोटो दहा वर्षे जुना असेल तर आजच्या हातांबद्दल विचारावे, दात किती होते, ऐकायला कोणत्या कानाने येत होते, बोलताना मान कुठे झुकायची, हे विचारावे. बोलता बोलता घरच्यांनाच ते खरे माणूस आठवते आणि ‘वय कमी करा’ची मागणी पुष्कळदा मागे पडते.

आता मघाशी बाजूला ठेवलेल्या मुद्द्याकडे. सार्वजनिक ठिकाणी लावलेल्या चित्रांत आपण थोरांना एकाच वयात ठेवतो. काही वेळा त्याला इलाज नसतो. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. इंग्रजांनी त्यांना म्हातारे होऊच दिले नाही. पण चौघे काही एका वयाचे नव्हते. कुर्बान हुसेन तर जेमतेम विशीतले. चौघांची चित्रे एका ओळीत काढताना चौघांनाही सारखाच करारी, सारखाच प्रौढ चेहरा देण्याचा मोह होतो. कुर्बान हुसेन यांच्या गालावर तारुण्याचा भरलेपणा ठेवला तरच त्या फाशीचा अर्थ कळतो.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी याच शहरात जन्मले. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच अपस्माराने गेले. वय ३२. त्यांच्यावरच्या १९४६ च्या चित्रपटात चाळिशी ओलांडलेल्या व्ही. शांतारामांनी त्यांची भूमिका केली आणि पुष्कळांच्या मनात कोटणीसांचा चेहरा तोच बसला. आपल्याकडची बहुतेक चित्रे भारतातून निघतानाच्या टवटवीत डॉक्टरांची आहेत. पण उपासमार, डोंगराळ मुलखातली पायपीट आणि अखंड शस्त्रक्रिया यांतून गेलेला १९४२ चा चेहरा तसा असणे शक्य नाही. चार वर्षांत माणूस दहा वर्षे मोठा होऊ शकतो. त्यांच्या पत्नी कुओ चिंगलान २०१२ साली गेल्या, वयाची नव्वदी केव्हाच ओलांडून. त्या कोटणीस कुटुंबाला भेटायला भारतातही आल्या होत्या. या पतिपत्नींचे एकत्र चित्र काढायचे झाले तर मी त्यांना १९४१ च्या लग्नातल्यासारखे दोघांना तरुण काढणार नाही. तिशीतले डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी नव्वदीतल्या बाई, असे काढीन. एवढ्या वर्षांची आठवण त्यांनी एकटीने वाहिली, ती चित्रात दिसायला हवी.

आणि अहिल्याबाई होळकर. २०१९ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. त्यांची प्रतिमा सगळ्यांना पाठ आहे: पांढरे वस्त्र, डोक्यावर पदर, तळहातावर शिवलिंग, आणि चेहरा साधारण चाळिशीतला, शांत, घोटीव. त्यांचा जन्म १७२५ चा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव, १७६७ मध्ये मुलगा मालेराव. तेव्हा त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि कारभार हाती घेतला तो तिथून. १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, म्हणजे सत्तरीपर्यंत, त्यांनी राज्य केले. १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाई सती गेली. आई तेव्हा ६६ वर्षांची होती. घाट, मंदिरे, धर्मशाळा, विहिरी यांच्या ज्या कामासाठी आपण नाव घेतो ते काम त्यांच्या पन्नाशी-साठीतही चालू होते. मग आपल्या चित्रांत त्या सत्तरीच्या का नाहीत? राज्य करणारी म्हातारी बाई काढायला आपला हात का कचरतो? पुरुषांबाबत आपण कचरत नाही. टिळक, गांधी आपण पिकलेल्या वयातच काढतो. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व ऐन बहरातल्या स्त्रीवेषात आहेत. तिथे मला तक्रार नाही, कारण ते रूप हीच त्यांची कला होती. अहिल्याबाईंची कला राज्यकारभार होती आणि ती वयाबरोबर वाढत गेली. या सभागृहात बसलेल्या तरुण चित्रकारांपैकी कुणीतरी सत्तरीच्या अहिल्याबाई काढाव्यात. कानशिलाचा खळगा, बसलेला खालचा ओठ, जड झालेली वरची पापणी आणि तिच्याखाली कागद वाचणारी नजर. शिवलिंग धरलेल्या हाताच्या शिरा वर आलेल्या.

हे चित्र चेहऱ्याला उणेपणा आणील अशी भीती असेल तर रेम्ब्रांटची आत्मचित्रे बघा. विशीपासून १६६९ पर्यंत, म्हणजे मृत्यूच्या वर्षापर्यंत, तो स्वतःला काढत राहिला आणि शेवटच्या चित्रांपुढे विशीतली चित्रे पोरसवदा वाटतात. आपल्याकडे वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा ड्रेपर ग्रँड प्राइझ मिळाला तो ‘माय वाइफ’ या चित्रासाठी. जगभरचे चित्रकार त्या स्पर्धेत उतरतात. बक्षीस मिळाले ते रोज डोळ्यांसमोर असलेल्या, बरोबरीने वय वाढत गेलेल्या माणसाच्या चित्राला.

आपल्याच जिल्ह्यातल्या आणखी एका चित्रकाराचे नाव घेतल्याशिवाय मला थांबता येणार नाही. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपुरात जन्मले. ते दीड वर्षाचे असताना आई झैनब गेल्या. आईचा चेहरा त्यांना आठवत नव्हता आणि मागे एखादे चित्रही नव्हते. मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवताना त्यांनी नटनट्यांचे चेहरे कित्येक फुटांचे केले. पण मदर तेरेसांची मालिका रंगवली तेव्हा निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीच्या आत चेहऱ्याची जागा रिकामी ठेवली, आणि या रिकाम्या जागेचा संबंध ते स्वतः न आठवणाऱ्या आईशी जोडत. जर्मनीतल्या आल्ब्रेख्त ड्यूररला आईचा चेहरा काढण्याचे भाग्य मिळाले होते. त्याने तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, आरशात बघून स्वतःचा अजून लहान मुलाचाच असलेला चेहरा काढला आणि १५१४ मध्ये आईचे कोळशाने रेखाटन केले. गळ्याचे हाड वर आलेले, गाल खपाटीला गेलेले, एक डोळा किंचित बाहेर वळलेला. आईला त्याने कुठेही सुधारले नाही. कागदावर लिहिले की ही ड्यूररची आई, वय ६३. दोनेक महिन्यांनी आई गेली, तेव्हा त्याच कागदावर त्याने तिच्या मृत्यूची नोंद केली.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. चित्र झाले की सही करता, तसे त्या माणसाचे वय लिहा, तारीख लिहा, गाव लिहा. पेन्सिलीने, कागदाच्या मागे लिहिले तरी चालेल. फोटोवरून काढले असेल तर फोटो कोणत्या साली काढला होता तेही लिहा. पन्नास वर्षांनी घरातल्यांना आणि इतिहास लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

उद्या सकाळी साडेसात वाजता याच इमारतीच्या मागच्या व्हरांड्यात आपण बसणार आहोत. तिथे उत्तरेचा उजेड येतो आणि नऊपर्यंत तो बदलत नाही. जुन्या गिरणीत नोकरी केलेले एक आजोबा आणि त्यांची सात वर्षांची पणती बसायला तयार झाली आहेत. पणतीचे पुढचे दोन दात नुकतेच आले आहेत. आजोबांचे एकही राहिलेले नाहीत, आणि त्यांनी कवळी घरी ठेवून यायचे कबूल केले आहे. बोर्ड, कार्ट्रिज कागद आणि कोळसा घेऊन या. खोडरबर आणू नका.